भूगोलसरांचा जोडीदार

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार लिहायला बसले होते, पण आठ अंगांपैकी कंबर आणि डावा गुडघा सध्या संपावर आहेत. तेव्हा उरलेल्या सहा अंगांनी केलेला नमस्कार पूर्ण समजून घे. तुझा डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना? डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केलेली असताना तू माझ्यासाठी तो वीतभर जाडीचा शब्दकोश उघडलास, हे कार्डावरच्या उताराला लागलेल्या अक्षरांवरून कळलं. (शेवटची ओळ तर कार्ड सोडून खालीच पडणार होती.) उत्तराला उशीर झाला, कारण तुझं कार्ड आलं त्या आठवड्यात इथे जे काही घडलं, ते पत्रात लिहावं की डॉक्टरांना सांगावं, हे ठरत नव्हतं. शेवटी पत्र ठरवलं. डॉक्टर मध्येच थांबवतात.

सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू ‘मुद्द्यावर ये’ म्हणशील आणि मुद्द्यावर आले की ‘हे कुठून आलं’ म्हणशील. आमच्या नव्या प्राचार्यांना एक इंग्रजी शब्दजोडी लागली आहे. लागली म्हणजे खोकला लागतो तशी. पॉम्प अँड सर्कमस्टन्स. यंदाच्या पदवीदान समारंभात पॉम्प अँड सर्कमस्टन्स पाहिजे, स्टाफरूममध्ये पॉम्प अँड सर्कमस्टन्स नाही, गेटवरच्या कुंड्यांकडे बघा, आहे का कुठे पॉम्प अँड सर्कमस्टन्स? असं दिवसभर. त्यांनी मला हुकूम सोडला की समारंभाच्या पुस्तिकेत पहिल्या पानावर या शब्दांचा अर्थ आणि उगम मराठीत द्यायचा. मी हेडक्लार्क. माझा आणि उगमाचा संबंध गळक्या नळापुरता. तरी मी इमानेइतबारे ‘इतमाम’ असं लिहून नेलं. सरांनी कागद दोन बोटांत धरून लांब केला आणि म्हणाले, “बाई, इतमामात म्हटलं की माणूस गेलेला असतो.” खरंच की गं. वर्तमानपत्रात हा शब्द दुसऱ्या कशासाठी वाचल्याचं मलाही आठवेना. म्हणून तुला लिहिलं. तोवर मला वाटत होतं की हा सगळा प्रश्न शब्दाचा आहे.

आता रेघकाकांबद्दल सांगायला हवं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. माझ्या आधीचे हेडक्लार्क. करड्या रंगाचा कोट, वरचं बटण कायम लावलेलं, आणि कोटाच्या खिशात खडू. समारंभाची मिरवणूक एकतीस वर्षं त्यांनी सांभाळली. सभागृहाच्या मागच्या दारापासून व्यासपीठाच्या पायरीपर्यंत ते गुडघ्यांवर बसून, पट्टी न लावता, एक रेघ ओढायचे. ती रेघ अशी सरळ असायची की तिच्याकडे बघताना आपलाच खांदा वाकडा वाटावा. दोघादोघांच्या जोडीनं, गाऊन घालून, रेघेच्या दोन बाजूंनी चालायचं. कुणाचं पाऊल चुकलं, कुणी हसलं, कुणी ओळखीच्याला हात केला, की काका दाराशी उभ्याउभ्या नुसते खाकरायचे. त्या खाकरण्याचा अर्थ एकच. पुन्हा दारापासून. मोठमोठे पीएचडीवाले खाली मान घालून परत जायचे. स्वतः काका मात्र त्या रेघेवरून कधी चालले नाहीत. मिरवणूक प्राध्यापकांची, ते ऑफिसचे. ते दाराशी उभे. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी, एका आठवड्याच्या तापात, गेले.

तर सोमवारी दुपारी तीन वाजता पहिली तालीम होती. मी अडीचला सभागृहाचं कुलूप काढलं (किल्ली एकच आहे आणि ती माझ्या पर्समध्ये, कंगव्याशेजारी असते) आणि आत रेघ होती. दारापासून पायरीपर्यंत. ताजी. चप्पल लागली तर खडू उठत होता. मी शिपायाला बोलावून विचारलं. तो चिडला. “बाई, मला गुडघ्यावर बसता येत असतं तर मी देवळात गेलो असतो, इथे कशाला आलो असतो?” त्याचं वजन बघता मला ते पटलं. मी त्याला फडकं मारायला लावलं, दोन बादल्या पाणी गेलं, आणि मग मी स्वतः सुतळी धरून रेघ ओढली. मावशी, ती रेघ होती म्हणायचं इतकंच. मध्ये तिला दोनदा उचकी लागली होती. मंगळवारी दार उघडलं तर माझी रेघ नव्हती. तिच्या जागी सरळ रेघ होती. पुसलेल्या फरशीवर माझ्या खडूची एक कणीसुद्धा नव्हती, जणू कुणीतरी आधी माझी चूक नीट धुतली आणि मग दुरुस्त केली. मी त्या थंडगार सभागृहात एकटी उभी होते, पंखे बंद, खिडक्या बंद, आणि रेघेच्या टोकाशी खडूचा एक तुकडा पडला होता. तो मी उचलला. तो कोमट होता. हातात बराच वेळ धरलेल्या वस्तूसारखा.

मी कुणाला बोलले नाही. काय बोलणार? ऑफिसात आधीच माझ्या वयावरून कुजबुज चालते.

मंगळवारच्या तालमीत प्राचार्य पुढे, मागे सतरा प्राध्यापक. आठ जोड्या होतात आणि एक उरतो. तो उरणारा म्हणजे भूगोलसर. त्यांच्या विभागात ते एकटेच, म्हणून सगळ्यात शेवटी, एकटे. चष्मा जाड, स्वभाव तुसडा, चाल अशी की बोटीवर चढताहेत असं वाटावं. त्या दिवशी मात्र ते असे चालले की मी यादी खाली ठेवून बघत राहिले. पाऊल बरोबर, मान ताठ, आणि रेघेच्या डाव्या बाजूनं, उजवी बाजू मोकळी सोडून. तालीम संपल्यावर ते मुद्दाम माझ्या टेबलाशी आले. मी मनातल्या मनात तक्रारवही उघडली. तर म्हणाले, “बाई, आभारी आहे. बावीस वर्षं एकटा चालतोय. यंदा जोडीदार दिलात.”

“कोण जोडीदार?”

“तेच, करडा कोट. व्यायाम विभागाचे आहेत का? बोलत नाहीत, पण पाऊल चुकलं की खाकरतात. फार मदत होते.”

मी म्हटलं, हो, व्यायाम विभागाचे. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या चष्म्याचा नंबर मला माहीत आहे आणि त्या क्षणी मला देवाशपथ वाटलं की माझा नंबर त्यांच्याहून जास्त असावा. बुधवारी मी मुद्दाम व्यासपीठाच्या पायरीजवळ उभी राहिले. डोळ्यांना काही दिसलं नाही. पण भूगोलसर पायरीपाशी अडखळले आणि त्यांच्या उजव्या हाताच्या हवेतून, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी खाकरलं. मावशी, सगळी मिरवणूक एकदम थांबली. प्राचार्यांसकट. सगळे वळले आणि मुकाट्यानं दारापर्यंत परत गेले. नंतर स्टाफरूममध्ये त्याबद्दल एक शब्द निघाला नाही, पण चहाचे कप त्या दिवशी फार वाजत होते.

गुरुवारी सकाळी तुझं कार्ड आलं. मी ते ऑफिसच्या पायरीवरच वाचलं. तू लिहिलं होतंस की पहिला शब्द मूळचा ग्रीक, अर्थ पाठवणं, म्हणजे कुणाला तरी पोचवायला निघालेली मिरवणूक. दुसरा लॅटिन, अर्थ भोवती उभं राहणं, मग त्यावरून एखाद्या प्रसंगाभोवतीचा थाट. आणि ही जोडी एका जुन्या इंग्रजी नाटकातून पसरली, जिथे एक सेनापती आपल्या साऱ्या सैनिकी दिमाखाचा निरोप घेतो. खाली तू गंमत म्हणून लिहिलंस: ‘थोडक्यात, पाठवणी आणि भोवती उभी असलेली माणसं. लग्नालाही चालेल आणि दुसऱ्यालाही.’ तू गंमत केलीस. माझे पाय पायरीला चिकटले.

कारण मला एकदम आठवलं की रेघकाकांची पाठवणी झालीच नव्हती. निवृत्तीच्या दिवशी जुने प्राचार्य दौऱ्यावर, निरोपाचा कार्यक्रम ‘पुढे ढकलला’, तो ढकलत ढकलत कुठे पडला कुणास ठाऊक. आणि दुसरं जे आठवलं ते मी पाच वर्षं आठवू दिलं नव्हतं. मी सभागृहात गेले. रेघ होती, पण त्या दिवशी ती व्यासपीठाकडे जात नव्हती. दारातून बाहेर पडली होती, व्हरांड्यातून, पाण्याच्या टाकीला वळसा न घालता तिच्या खालून, ऑफिसात शिरली होती आणि तिसऱ्या कपाटाशी थांबली होती. शिपाई तिच्यावर पाय न देता, ढांगा टाकत, टपाल वाटत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, ‘विचाराधीन’ नावाची फाइल आहे. त्या फाइलमध्ये काकांचा अर्ज होता. त्यांनी तो निवृत्तीच्या सात महिने आधी केला होता. निळी शाई, समास सोडलेला. एकतीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या समारंभात मिरवणुकीत सर्वांत मागे एकदा चालण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. एवढंच. तेव्हा मी आवक-जावक बघायचे. मी त्यावर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. आणि पुढे पाठवला नाही. जुने प्राचार्य फाडकन बोलणारे होते, हसले असते, कदाचित माझ्यावरही. मी म्हटलं, बघू. काका दर सोमवारी माझ्या टेबलाशी यायचे, हलक्या आवाजात विचारायचे, “काही कळलं का?” मी म्हणायचे, “सर विचार करताहेत.” पुढे पुढे त्यांनी विचारणं सोडलं. नुसते टेबलाशी येऊन क्षणभर थांबायचे आणि जायचे. एकदाही आवाज चढवला नाही. तोच माणूस पीएचडीवाल्यांना दारापासून परत चालायला लावायचा!

अर्ज घेऊन मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. ते पुस्तिकेचं मुखपृष्ठ बघत होते. अर्ज त्यांनी सह्यांच्या कागदांतला समजून पेन काढलं, मग वाचला, मग चष्मा काढून पुन्हा वाचला. म्हणाले, “मी इथेच शिकलो. पदवी घ्यायला स्टेजवर चढताना मित्राला डोळा मारला, तर यांनी मला तीनदा दारापासून चालायला लावलं.” मग विचारलं, “अर्जदार तर आता हयात नाहीत ना?” मी म्हटलं, नाहीत, पण तालमीला येतात. त्यांनी हे ऐकून मला बाहेर काढायला हवं होतं. पण बुधवारी तेही मुकाट्यानं परत चाललेल्यांपैकी होते. हा अर्ज इतके दिवस कुठे होता, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं कबूल केलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग अर्जावर ‘मंजूर’ लिहून खाली सही केली आणि म्हणाले, घरच्यांना एक प्रत द्या.

मंजुरीची प्रत घेऊन मी संध्याकाळ व्हायच्या आत रेघकाकांच्या घरी, काकूंकडे गेले. दोन खोल्या, दाराशी पायपुसणं, दारामागे काकांचे काळे बूट. मी चाचरत म्हटलं, काकू, तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण काका अलीकडे, म्हणजे, कॉलेजात. काकूंच्या हातातलं शिवण थांबलंसुद्धा नाही.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “सकाळी बूट पुसून ठेवते, दुपारी चारला बघावं तर पुन्हा खडू. मला वाटलं, घरातच घुटमळताहेत की काय. कामावर जाताहेत होय? बरं झालं.”

“काकू, तुम्हाला भीती नाही वाटत?”

“चाळीस वर्षं संध्याकाळी याच बुटांच्या आवाजाची वाट बघितली. आता त्यांनाच भ्यायचं का?”

कागद त्यांनी उजेडात धरून वाचला. घडी घालून शिवणाच्या डब्यात ठेवला.

शनिवारी सकाळी दहा वाजता समारंभ. सभागृह भरलेलं, सहाशे माणसं, मुलांचे आईबाप, कॅमेरे. काकू पहिल्या रांगेत. मी माइकवर एकेकाचा हुद्दा वाचत होते. भूगोलसरांचा नंबर आला तेव्हा यादीत नसलेली ओळ मी वाचली: “भूगोल विभागप्रमुख, आणि मुख्य लिपिक, निवृत्त.” आवाज फाटला, पण माइक आमचा तसाही फाटकाच आहे, कुणाच्या लक्षात आलं नसावं. भूगोलसर रेघेच्या डावीकडून आले. पायरीपाशी थांबले, अंग चोरून बाजूला झाले, कुणाला तरी आधी चढू दिलं आणि मग चढले.

आणि तिथे माझ्या लक्षात आलं. खुर्च्या! व्यासपीठावर अठरा खुर्च्या मी स्वतः मोजून मांडल्या होत्या. एकोणिसावी सुचलीच नव्हती. (एवढं सगळं करून मी ऐनवेळी खुर्चीत अडकले, हे तुला नवल वाटणार नाही.) सगळे बसले, भूगोलसर उभे. मी खुणेनं म्हटलं, बसा. त्यांनी डोळ्यांनी खुर्ची दाखवली. लाल गादीची शेवटची खुर्ची. गादीला मधोमध खळगा पडला होता आणि तो तसाच होता.

प्राचार्यांचं भाषण सुरू झालं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी त्या गादीवरून नजर काढू शकत नव्हते. मग पहिल्या रांगेत काकू उठून उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, काही नाही. नुसत्या उभ्या, खुर्चीकडे बघत. त्यांच्या मागच्यांना वाटलं, प्रार्थना असेल, तेही उठले. मग त्यांच्या मागचे. दोन मिनिटांत सहाशे माणसं उभी, कशासाठी ते कुणालाच ठाऊक नाही, आणि एवढ्या माणसांत कपड्यांची सळसळही नाही. प्राचार्यांना वाटलं, भाषणासाठी. ते भारावून बोलायचे थांबले. व्यासपीठावरचे प्राध्यापकही उठले. आणि मी पाहिलं, गादीतला खळगा हळूहळू भरत आला. कुणीतरी घाई न करता, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उठावं तसा. गादी सपाट झाली. भूगोलसरांनी मान किंचित झुकवली, थोडा वेळ थांबले, आणि बसले. काकूही बसल्या.

सोमवारी फरशी कोरी होती. शिपाई शपथेवर सांगतो की त्यानं पुसलेली नाही. भूगोलसर रुसले आहेत. व्यायाम विभागाकडे दोनदा चौकशी करून आले. पुस्तिकेत तुझा अर्थ मी जसाच्या तसा दिला होता, प्राचार्यांनी तो खोडून ‘थाटमाट’ छापला. मी वाद घातला नाही.

डोळ्याला जप. उन्हात चष्म्याशिवाय जाऊ नकोस.

तुझी,
भाची

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. प्राचार्यांसमोर मी सगळं कबूल केलं असं वर लिहिलंय. ते तसं झालं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “जुन्या फायली लावताना आत्ताच सापडला.” ते म्हणाले, तुमच्यासारखी दक्ष माणसं आहेत म्हणून संस्था चालते. समारंभाच्या शेवटी त्यांनी माइकवरून माझे जाहीर आभार मानले. टाळ्या झाल्या. काकूंनीही वाजवल्या.

ता. क. दुसरा. काल काकूंचा फोन आला. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का आहे, पाच वर्षांपूर्वीची तारीख आहे आणि शेजारी एक सही आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, “ही सही कुणाची गं? वाचता येत नाही.” मी म्हटलं, बघून सांगते. त्यांनी रविवारी चार वाजता चहाला बोलावलंय. मावशी, सकाळच्या गाडीनं ये. मला तिथे एकटीनं जाववणार नाही. तू काही बोलायचं नाहीस, माझी बाजू तर मुळीच घ्यायची नाहीस. फक्त माझं सांगून झालं की प्यायला पाणी माग, म्हणजे काकूंना उठून आत जाता येईल.